काकांचे सांधे

घरच्या घरी सुतारकाम करणारी माणसं डोंबिवलीत पुष्कळ असतील, पण घरच्या घरी सुतारकाम न करण्यासाठी इतकी हत्यारं जमवणारा माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या शेजारचा ब्लॉक घेतला, तेव्हा त्यांची गॅलरी बघून मला वाटलं, हे गृहस्थ धंदेवाईक सुतार असावेत. भिंतीवर लहानमोठ्या करवती, पटाश्यांची रांग, तीन तऱ्हांचे रंधे, आणि ग्रीलला कायमचा पिळून बसवलेला, लाकूड पकडायचा शिकंजा. प्रत्यक्षात काका ठाण्याला एका सरकारी कचेरीत नोकरीला होते. संध्याकाळी सुटले की नौपाड्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात डोकवायचे, आणि दुकानदाराने काही नवीन आलंय म्हटलं की काकांचा चेहरा नात झाल्यासारखा खुलायचा. रविवारी विठ्ठलवाडीच्या लाकडाच्या वखारीतून सागाचे तुकडे पिशवी भरून आणायचे. त्या तुकड्यांवर सराव चाले. दोन फळ्या काटकोनात जोडायच्या कशा, खाच कापून एकमेकींत अडकवायच्या कशा, याचे नमुने ते वर्षानुवर्षं करत होते. घरात सांधे पोत्याने होते, टेबल मात्र एकही नव्हतं. "आधी हात बसू दे," काका म्हणायचे. हात थोडा बसला की बाजारात नवं हत्यार यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात व्हायची.

त्यात त्यांचा एक नियम होता. दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय नवं हत्यार लाकडाला लावायचं नाही. आता ही खरेदी बहुधा दिवाळीच्या सुमारास व्हायची, म्हणजे पूजेचा मुहूर्त नुकताच हुकलेला असायचा. मग ते हत्यार खोक्यातच पडून राही. अधूनमधून काका ते बाहेर काढत, तेलाच्या फडक्याने पुसत आणि पुन्हा निजवून ठेवत. काकू म्हणायच्या, "यांच्या हत्यारांना वर्षभराचं सोयर असतं." पहिलं ड्रिल मशीन आलं त्या वर्षीची पूजा मला अजून आठवते. काकांनी भक्तिभावाने मशीनच्या प्रत्येक भोकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. आत साठलेलं सगळं कुंकू भसकन बाहेर आलं. काका, गॅलरीतले कपडे आणि समोर कौतुकाने उभा असलेला मी, तिघंही सौभाग्यवती झालो. त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीला भोक पाडायला घेतलं. मी आमच्या खोलीत चहा पीत होतो. कॅलेंडरच्या शेजारून प्लास्टर गळायला लागलं आणि भिंतीतून फिरतं टोक बाहेर आलं. पलीकडून काकांचा आवाज आला, "अरे, तिकडे आलं का रे?" त्यात अपराधापेक्षा मशीनच्या ताकदीबद्दलचा अभिमान जास्त होता.

पुढे नव्वदच्या दशकात काकूंचे गुडघे गेले. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या एखाद्या बाईला याचं इतकं वाटलं नसतं, पण काकूंचा सगळा स्वयंपाक विळीवर. पाटावर बसून, विळी पायाखाली दाबून त्या कोबी असा चिरायच्या की बघत राहावं. सुरी त्यांनी आठवडाभर वापरून बघितली. बोट कापून घेतलं, आणि नारळ तर सुरीने खोवता येत नाही. शेवटी त्यांच्या मुलाने स्वयंपाकाला बाई लावली. त्यानंतर मी गेलो, तर काकू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. आत भांडी वाजत होती. प्रत्येक आवाजासरशी त्या तिकडे बघत. मला म्हणाल्या, "कुठला डबा कुठे ठेवते कोण जाणे. माझ्याच घरात मी पाहुणी झाले रे." काका गॅलरीत पटाशीला धार लावत होते. धार लावायची थांबली, एवढंच मला ऐकू आलं.

संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "चल, टेप धर." काकूंना खुर्चीवर बसवून त्यांनी मापं घेतली. जमिनीपासून गुडघा, जमिनीपासून कोपर, हात पुढे केला की किती अंतर जातं. पुन्हा घेतली. काकू लाजून म्हणाल्या, "अहो, लग्नाआधी बघायला आलात तेव्हाही एवढं बघितलं नव्हतं." मग काकांनी लाकूड कापायचं नवं कोरं जिगसॉ मशीन थर्माकोलमधून बाहेर काढलं. दसरा अजून कितीतरी लांब होता. न राहवून मी म्हटलं, "काका, पूजा?"

"देवाला थांब म्हटलं तर तो थांबतो," काका म्हणाले. "हिला किती थांबवू?"

त्या रविवारी भरदुपारी इमारत दणाणून गेली. खालचे गृहस्थ झोपमोड झाली म्हणून भांडायला वर आले, आणि काकांनी फळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांचं भांडण तिथेच राहिलं. टेबल झालं. इतक्या वर्षांच्या सरावानंतरही एका सांध्यात फट राहिलीच, ती काकांनी लांबीचा लगदा भरून बुजवली आणि आम्ही कोणी तिचा विषय काढला नाही. विळी टेबलावर स्क्रूने पक्की बसवली. काकू खुर्चीवर बसल्या, नारळाची वाटी विळीच्या टोकाला लावली आणि खोवायला लागल्या. पहिली वाटी झाली. मग त्यांनी बाईंना सांगितलं, "उद्यापासून तुम्ही पोळ्या तेवढ्या करा." काका बाहेर येऊन उगाचच हत्यारं आवरत बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि भुशाचं निमित्त त्यांना आयतंच मिळालं होतं.

काकू पुढे काही वर्षंच होत्या. त्या गेल्यावर मी एकदा सकाळी गेलो, तर स्वयंपाकघरात काका त्या टेबलापाशी बसून नारळ खोवत होते. उंच माणूस, त्यामुळे पाठीत पार वाकलेले. मला बघवेना. मी म्हटलं, "काका, एवढी मशीनं आहेत घरात. टेबलाचे पाय चार बोटं वाढवून घ्या की. कमरेचे हाल कशाला?"

काकांनी मान वर केली नाही. "वाढवता येतील," ते म्हणाले. "पण मग ते माझ्या मापाचं होईल."

मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि राहिलेली वाटी खोवायला घेतली.