पदराच्या गाठीतला प्रसाद

माहा म्हातारा, म्हंजे माहा नवरा, वारला त्याले महिना झाला, तवाच्या मिस्सेले, म्हंजे त्याच्या नावानं ठेवलेल्या पूजेले, चर्चात कोन कोन होतं ते पयले सांगते. अकोल्याहून आलेले फादर. एक सिस्टर. माहा लेक अन् सून. धाकटा दीर, त्याची बायको. गल्लीतले आमच्या धर्माचे धा-बारा जन. अन् माही शेजारीन, ती हिंदू. तिले मीच बोलावलं होतं.

काहून बोलावलं? म्हातारा पाच महिने खाटेवर होता. मी नांदगाव पेठेले सूत कारखान्यात झाडू माराले जाऊ. नाई गेली तं चूल पेटे ना. दिवसभर त्याले पानी पाजे ती शेजारीन. कूस बदले ती. दीर एकदा आला, खाटेजवय उभा राहून फोटो काढला अन् गेला.

मिस्सेच्या दिवशी शेजारनीनं बाहेर चप्पल काढली, नळावर पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला अन् मांगं सतरंजीवर बसली. हालली नाई. दीर बूट घालून थेट वेदीपर्यंत गेला, व्हिडिओ काढाले. फादरनं भाकर वर उचलली, म्हंजे आमचा देव समोर येते ती घडी, तवाच जावेचा मोबाइल वाजला. बंद कराचं सोडून म्हनते, "हं, चर्चात हाय, बोल लवकर."

मंग कम्युनियनची, म्हंजे त्याच भाकरीचा तुकडा घ्याची, रांग लागली. शेजारीनही उठली. तिच्या घरी अशीच रीत हाय. कोनाच्या पूजेले गेलं अन् प्रसाद न घेता उठलं तं बोलावनाऱ्याचा अपमान होते. फादर परगावचे, त्यायले काय माहीत कोन कोनाचं? तिनं दोन्ही हातावर घेतलं, कपायले लावलं, अन् तोंडात न घालता पदराच्या टोकाले गाठ मारली. घरी तिचा नवरा तापानं पडला होता, त्याच्यासाठी.

जावेनं पाह्यलं. सगळ्यायच्या देखत वरडली, "ए बाई! चोरून नेते का? तुले इथं बोलावलं कोनं?"

"म्या बोलावलं," मी म्हनलं.

शेजारीन उभ्या जागी थिजली. मी तिच्याजवय गेली. म्हनलं, "बाई, हे आमच्यात बाहेर नेत नाईत. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्यानंच घ्याचं, अन् तिथंच तोंडात घालाचं."

"मंग मले आधी काहून नाई सांगतलं वं?" ती हयूच बोलली.

मी तिले बस म्हनलं, पदर घे म्हनलं, हे सांगाचं राहून गेलं. चूक माही होती.

ती गाठ सोडाले लागली. फादर खाली आले. त्यायनं ते हातात घेतलं, पदरावर कन राह्यला का तेही पाह्यलं, अन् सोता खाल्लं. म्हनले, "ताई, तुमी मान दिला. तुमची चूक नाई."

दीर याचाही व्हिडिओ काढून राह्यला होता. मी त्याच्या हातावर फटका मारला. मोबाइल सतरंजीवर पडला.

"वहिनी! फुटला असता ना!"

"फुटू दे. देव वर उचलला तवा तुह्या बायकोचा फोन वाजला, तवा काई फुटलं नाई का?"

शेजारनीले चोर म्हननारी जाव बाप्तिस्म्याची, लहानपनापासून चर्चात वाढलेली. तिले कोनी काई म्हनलं नाई. आजही माह्या अंगाची आग होते.

शेजारीन अजून माह्या दारात येते, मिरच्या देते, बसते. पन नाताळले बोलावलं तं म्हने, "मी बाहेरच बरी वो माय." आता म्हाताऱ्याची वर्षाची मिस्सा येऊन राह्यली. ज्या बाईनं त्याले शेवटचं पानी पाजलं ती तिथं नसन, तं ती मिस्सा मले कशी गोड लागन?

तुमी हे वाचून राह्यले तं एवढं करा. चर्चात दुसऱ्या धर्माचं मानूस आलं तं रांग लागाच्या आधी त्याच्याजवय जा, कानात सांगा: तुमी बसून राहा, यानं कोनाचा अपमान होत नाई. अन् तुमचा मोबाइल घरी ठेवून या.