जरा मोठी पेटी

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात त्या डोक्याचा वाटा मोठा आहे.

आई गेली आणि मी पुणं सोडून बोईसरला अण्णांकडे राहायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळा जन्म इथल्या कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवण्यात गेला. पत्रा कापायचा, वाकवायचा, दार बसवायचं, आत वायरी ओढायच्या. आता हाताला कंप आणि छातीत घरघर. त्यांना एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून कंपनीच्या हातापाया पडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली. काम इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवरचं, विमा अडकलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकायचं. अट एकच, लाइन तुटता कामा नये. दोनदा तुटली तेव्हा साहेबांनी स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा तुटली की पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे अण्णा एकटे. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्यांदा तुटली ती राउटर मेला म्हणून. हॉलमधल्या प्लायवूडच्या फळीवर राउटर, त्याला जोडलेला नेटवर्क स्विच, बॅटरी असा सगळा संसार उघड्यावर मांडलेला होता. दुरुस्तीवाल्यानं राउटर उघडला तर आत तांब्याच्या रेघांवर हिरवा थर. मी विचारलं, हे कशानं? त्यानं खिडकीकडे हात केला आणि म्हणाला, "मॅडम, बोईसर है." झालं, एवढाच त्याचा अहवाल. ढगाळ हवा असली की इथे कारखान्यांचा वास खाली बसतो आणि दारं लावली तरी घशाशी येतो. आम्हाला त्याची सवय आहे, यंत्रांना नाही.

अण्णांनी तो राउटर हातात घेतला, चष्म्याजवळ नेला आणि त्यांचा चेहराच बदलला. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं जागं पाहिलं नव्हतं. "हे काय, मला आधी दाखवायचं की गं!" म्हणाले. "ॲसिडच्या प्लँटला आम्ही पॅनेल द्यायचो, तर दाराला चारी बाजूंनी रबराचं गॅस्केट. वायर आत जाते तिथं घट्ट बूच. मुंगी जाता कामा नये. तुझ्या सामानाला मी तशी पेटी करतो."

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन उभे राहिले. सामान एकोणीस इंची पट्ट्यांवर एकाखाली एक बसणार, बाजूला बॅटरी. सगळं मोजून झाल्यावर म्हणाले, "जरा मोठी घेऊ. सहा इंच खाली, सहा इंच पुढं."

"कशाला? सगळं बसतंय की यात."

"बसतंय गं. पण मोकळी जागा बरी."

"अण्णा, मला हॉलमध्ये कपाट नकोय. आधीच उभं राहायला जागा नाही."

त्यांनी दोन वेळा टेप मागेपुढे केली, मग "बरं" म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आठवडाभर आमचं मागचं अंगण म्हणजे कारखाना झालं. पत्रा ओळखीच्या वर्कशॉपमधून वाकवून आणला, बाकी सगळं अण्णांनी घरी केलं. हाताच्या कंपानं रेघ सरळ यायची नाही, मग मी काटकोनाचा गुण्या दाबून धरायची आणि ते श्वास रोखून रेघ मारायचे. कानशीनं कडा घासताना मध्येच थांबून खोकायचे आणि माझ्यावरच डाफरायचे, "बघत काय बसलीस, धर की नीट!" किनाऱ्याकडून मासे घेऊन येणारी मावशी एकदा टोपली उतरवून बघत बसली. "म्हावरा ठेवायला पेटी करताव काय?" तिनं विचारलं. "नाय गं," अण्णा तिच्याच बोलीत म्हणाले, "हिच्या इंटरनेटला घर बांधतोय." दोघं किती तरी वेळ हसत होती.

पावडर कोटिंग करणाऱ्या कामगारानं पेटी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "चाचा, हवा के लिए होल नहीं रखा?" अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं निमूट पेटी उचलून आत नेली.

राखाडी रंगाची ती पेटी भिंतीवर चढली तेव्हा खरंच देखणी दिसत होती. दार लावलं की गॅस्केट दबल्याचा हलका आवाज यायचा. अण्णा उगाच चार वेळा दार उघडून लावायचे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नवा राउटर आपोआप बंद पडला. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ. दोन मिनिटांत पुन्हा सुरू झाला, साहेबांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

"याला भोकं पाडायला हवीत," मी म्हणाले.

"अजिबात नाही. भोकं पाडलीस तर ती पेटी कसली?"

"आत सगळं शिजतंय, अण्णा!"

"गरमीनं बंद पडतं, पुन्हा चालू होतं. गॅस शिरला की मेलंच समज."

आणि मग मी तोंड सोडलं. म्हटलं, "हे तुमचं कारखान्यातलं पॅनेल नाही. तुमचा जमाना गेला. कळत नाही त्यात नाक खुपसू नका, माझी नोकरी जाईल तुमच्या हौसेपायी!" अण्णा खाली बघत शर्टाचं बटण चाचपत राहिले. ते वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले तेव्हा मी त्यांचंच ड्रिल काढलं आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली. वेडीवाकडी, घाईची. ते परत आले, पेटीसमोर उभे राहिले, एकेका भोकावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता भडका उडणार. उडाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी आतून बारीक गोल कानस आणली आणि एकेका भोकाची धार घासायला लागले.

"राहू द्या ना अण्णा."

"हात कापेल तुझा," ते म्हणाले आणि घासत राहिले.

पेटी थंड झाली, लाइन टिकली. मी मनातल्या मनात जिंकले. पावसाळा तसाच गेला, दिवसचे दिवस ढगाखाली आणि वासाखाली. दिवाळीनंतर एका सकाळी, एका विधवा बाईंची तक्रार अर्ध्यावर असताना, स्विच मेला. उघडला. आत तोच हिरवा थर. अण्णा मागेच उभे होते. "बघ, मी सांगितलं नव्हतं?" असं त्यांनी म्हणावं म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "चहा टाकू का?"

लाइन तिसऱ्यांदा तुटली होती, सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. मी अण्णांना चला म्हणाले, रडले, भांडलेसुद्धा. "तिथं मला कोण ओळखतं?" एवढंच त्यांचं उत्तर. राउटर मी बॅगेत टाकला. भिंतीवर पेटी राहिली, रिकामी.

आता मी त्यांना रोज संध्याकाळी फोन करते. मागच्या आठवड्यात त्यांनीच केला, आवाजात तीच जुनी जाग.

"अगं, चूक सापडली. मापात माझी चूक झाली. बंद पेटीतली गरमी पत्र्यातून बाहेर जाते. पत्रा मोठा असेल तर भोकाची गरजच नाही. मला माहीत होतं की, तरी लहान केली मी."

सहा इंच खाली, सहा इंच पुढं. नको कोण म्हणालं होतं ते मला पक्कं आठवत होतं. त्यांनाही आठवत असणारच.

"अण्णा, ती चूक माझी होती."

"छे गं. माप घेणाऱ्याची चूक असते. बरं ते सोड. नवीन पत्रा आणलाय, यावेळी मोठी करतो. तू आलीस की लगेच सामान चढवू. तुझा तो राउटर लांबीला किती आहे, जरा मोजून सांग."

पुण्यातली बदली कायमची झाल्याचं पत्र त्या फोनच्या चार दिवस आधीच आलं होतं. अण्णांना मी ते सांगितलेलं नाही. मी उठले, ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि त्यांना राउटरची लांबी, रुंदी, उंची सांगितली. ते पलीकडून एकेक आकडा मोठ्यानं म्हणत लिहून घेत होते.