चष्म्याची अट

नगरहून तिसगावला परतताना मी नेहमी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या जीपने यायचो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा अर्ज वाचून दाखवायला त्यांनी मला आरटीओत सोबत नेलं. चष्मा लावूनच गाडी चालवायची, या अटीवर लायसन पुन्हा मिळालं. बाहेर येताच चष्मा खिशात गेला.

“बाबा, लावा की,” मी चाचरत म्हणालो.

“चष्मा दिसला की म्हातारा म्हनून लोकं दुसऱ्या जीपमदी बसत्यात.”

मागचे प्रवासी त्यांच्या नजरेचं कौतुक करत निर्धास्त बसले. मी पुढे बसलो आणि करंजी घाटात बैलगाडी दिसली की मोठ्याने खोकू लागलो. दरवेळी ब्रेक लागला.

तिसगावला उतरताना ते हळूच म्हणाले, “पाव्हनं, खोकल्यावर औषध घिऊ नका.”