खोपटातला रुसवा

आमच्या घरात एक गोष्ट दर रक्षाबंधनाला सांगितली जाते. मी जन्मलो तेव्हा माझी ताई चार वर्षांची होती. घरात नवं बाळ आलेलं तिला मुळीच खपलं नाही. ती रुसली आणि वाडीच्या टोकाला असलेल्या खोपटात राहायला गेली, चांगली तीन आठवडे. बाबाही तिच्यासोबत गेले, कारण एवढीशी पोर एकटी कशी राहणार? तिथेच कुठेतरी धडपडून तिच्या भुवईच्या वर बारीकसा खड्डा पडला, तो अजून आहे. आई ही गोष्ट रंगवून सांगते. गोष्ट संपली की ताई मला ओवाळते, माझ्याच ताटातला पेढा उचलते आणि म्हणते, "तू आलास आणि मला घराबाहेर काढलं." कळायला लागल्यापासून मी हे ऐकतोय आणि दरवर्षी मुकाट्याने पेढा सोडतोय.

परवाच्या उन्हाळ्यात ही ताई बाळंतपणाला माहेरी आली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून काही महिन्यांत सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात कोणी मोठ्याने शिंकलं तरी आई डोळे वटारायची. आमचं घर चौलला, पुढे रस्ता आणि मागे सुपारी-नारळाची वाडी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. घरात आई, मी आणि माझी रिक्षा. मी रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवतो. लग्न झालेलं नाही, त्याबद्दल पॅसेंजर पुरेसं बोलतात, इथे नको.

ताईला आठवा लागला आणि एके सकाळी रिक्षाच्या आरशात मला स्वतःच्या मानेवर पाण्याने भरलेला एक फोड दिसला. डास चावला असेल म्हटलं. दुपारपर्यंत त्या डासाने माझं पोट, पाठ आणि टाळू यांचाही समाचार घेतला होता. घरी येऊन शर्ट काढला तर आई कपाळावर हात मारून म्हणाली, "कांजिन्या! घोड्या, या वयात?"

मी हसणार होतो, पण ताईकडे लक्ष गेलं. आदल्या संध्याकाळीच आम्ही शेवटच्या तळलेल्या बोंबलावरून भांडलो होतो. तो माझाच हे ठरवायला मी त्याचा चावा घेतला होता आणि उरलेला अर्धा तिने हिसकावून खाल्ला होता. तिलाही तेच आठवलं असणार. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती आत गेली. इतका घाबरलो मी, की अंगाची खाज विसरलो.

आईने ताईच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या आहेत का?" बाईंनी ताईबद्दल विचारलं.

"दोगांना पन झाल्यान," आई ठामपणे म्हणाली.

"मग तुमच्या मुलाला आता कशा झाल्या?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला खोटं पाडायलाच मी हे केलं होतं. "मंग एकाला झाल्या व्हत्या. एकाला झाल्या व्हत्या येवडा नक्की."

"कोणाला?"

बाबा असते तर सांगितलं असतं. आईच्या डोक्यात फक्त कडुनिंबाचे ढाळे आणि दहीभाताचं पातेलं होतं, त्या ढाळ्यांवर कोण झोपलेलं ते नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासू, दोन-तीन दिवसांत कळेल. होऊन गेल्या असतील तर काळजी नाही. नसतील तर लगेच इंजेक्शन द्यावं लागेल, कारण या महिन्यात बाळाच्या आईला झालं तर दोघांनाही जड जाऊ शकतं. तोवर तुमच्या मुलाला तिच्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा.

लांब म्हणजे खोपट. आता त्यात विहिरीचा पंप असतो आणि वर पत्रा आहे. आईने माझी गादी, तांब्या आणि मोबाइलचा चार्जर तिथे नेऊन टाकला. तिला स्वतःला लहानपणी झाल्या होत्या, तेव्हा ती माझ्याजवळ यायला हरकत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. पण आई म्हणाली, लुगड्याला चिकटून आलं तर? म्हणून आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीत डबा ठेवून ती काठी खिडकीतून आत सारायची. पहिल्याच जेवणाला डबा माझ्या डोक्यावर उतरला. आत दहीभात होता. आमच्याकडे कांजिण्या म्हणजे देवी घरी आली असं धरतात. फोडणी बंद, मासळी बंद, आणि घरच्यांनी काय खायचं तेही देवीच ठरवते. अंगभर गुलाबी औषध फासून मी पंपाशेजारी बसलो आणि दहीभात खाल्ला.

खरी पंचाईत वेगळीच होती. देवी आली हे कळलं की आळीतल्या बायका नारळ, खण, तांदूळ घेऊन ओटी भरायला येतात. माझी ओटी! येऊन बसतात, माझ्या अंगावरून हात फिरवतात आणि तसेच हात घेऊन पुढच्या घरात जातात. घरात आठ महिन्यांची पोटुशी असताना तिला न भेटता, तिच्या पोटाला हात न लावता कोण जाईल? आईने हे सगळं क्षणात ओळखलं. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "वयनी, पोरगा खोपटात कनाला निजतंय?" तेव्हा आई बेधडक बोलून गेली, "काय सांगू, रुसलाय. भांडून गेलाय."

कोणी भेटायला येऊ नये म्हणून आईने हे सांगितलं. आमच्या गावात राहून चाळीस वर्षं काढलेल्या बाईने.

देवी आली म्हटलं असतं तर फक्त बायका आल्या असत्या. मुलगा भांडून वाडीत राहायला गेला म्हटल्यावर पुरुषसुद्धा आले. पोटुशी बहीण माहेरी आणि भाऊ घराबाहेर, म्हणजे भांडण वाडीच्या हिश्शाचं, हे सगळ्यांनी आपापल्या ओट्यावर बसून ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दोन वडीलधारे खोपटाच्या दारात येऊन मला समजावू लागले. मी आतून कडी लावून ओरडलो, "माझं डोकं फिरलंय, जवळ येऊ नका!" ते आणखी जवळ आले. एकाने दाराच्या फटीतून विडी दिली. काकू लांबून सांगत होत्या की पोर लहानपणापासून हट्टी आहे. मी खाजणारी पाठ आतून दाराला घासत होतो, दार हलायचं, त्याला त्या माझं रागाने थरथरणं म्हणत होत्या.

तिसऱ्या दिवशी पालीहून मामा आला. आमच्या मामाने आजवर अकरा घरांची भांडणं मिटवली आहेत असं तो सांगतो. त्यातली दोन त्यानेच लावली होती, हे आई सांगते. बल्लाळेश्वराचा प्रसाद, पांढरी टोपी, बगलेत कागदांची पिशवी. त्याने वाडीत खुर्ची मांडली, बरोबर मधोमध. इकडे खोपटात मी, तिकडे घराच्या मागच्या दारात ताई, आणि आजूबाजूला कालचे दोन वडीलधारे, काकू आणि काकूंच्या मागे निम्मी आळी. आई मामाला बाजूला घेऊन काहीतरी सांगू पाहत होती. मामा म्हणाला, "तू गप बस. तुझ्यामुलंच झालाय हा."

मग घसा साफ करून त्याने निकाल दिला. "यात कठीण काय हाय? बहीण सुखात हाय, तिला वाडी कशाला? तिनं हक्कसोड लिवून द्यावा आनि भावानं घरात यावा. कागुद मी आनलाय."

वाडीत सगळे माना डोलवू लागले. मी फटीतून ताईकडे पाहिलं. तिला सगळं खरं माहीत होतं, एका शब्दात ती सगळ्यांना पळवून लावू शकली असती. पण तिने पोटावरचा हात काढला आणि शांतपणे म्हणाली, "आणा इकडे. सही करते. भावाला उन्हात पत्र्याखाली नका ठेवू, एवढंच."

ती माझी चेष्टा करत होती की खरंच बोलत होती, हे मला आजही ठाऊक नाही. पण बहिणीचा हिस्सा गिळणारा भाऊ म्हणून सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं आणि ती सही करायला निघाली होती. माझं डोकं आता खरोखरच फिरलं. कडी काढून मी उंबऱ्यावर उभा राहिलो. उघडा, बाबांची जुनी लुंगी, अंगभर फोड आणि त्यावर वाळलेलं गुलाबी औषध. जिवाच्या आकांताने ओरडलो, "तिचा हिस्सा तिचाच! तिनं एका कागदावर सही केली तर मी एकेकाला मिठी मारीन!"

क्षणभर कोणी हललं नाही. मग मामाची खुर्ची पडली. मामाला अजून कांजिण्या झालेल्या नाहीत, हे आम्हाला त्याच्या धावण्यावरून कळलं. टोपी तिथेच राहिली. कालचा विडीवाला कुंपणावरून गेला. काकूंनी मात्र जागच्या जागी हात जोडले आणि माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आई, चुकलं माकलं पोटात घाल." मी, काय करणार, हात वर करून आशीर्वाद दिला.

वाडी रिकामी झाली आणि ताईचा फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. रिपोर्ट आला होता. ताईने ऐकलं, खाली दगडावर बसली आणि रडायला लागली. आई धावली. मी लांबूनच ओरडत होतो, काय झालं, काय झालं म्हणून.

"मला झाल्या होत्या," ताई रडत रडत हसत होती. "लहानपणीच होऊन गेल्यात. मला काही होणार नाही. बाळाला पण नाही."

आई तिच्याशेजारी उभी होती. तिने ताईच्या भुवईवरच्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग ती हळूहळू खोपटाकडे वळून पाहू लागली.

"तू रुसली नव्हतीस," आई म्हणाली. "अगो बाय माझे, तू रुसली नव्हतीसच. हा धा दिसांचा व्हता आनि तुला देवी आली. बायका ओटी भराया घरात येतील, बालाला धरतील, म्हनून मीच सांगितला का रुसून गेली. सगल्यांना सांगत बसले. येवड्या वेला सांगितला, का मलाच खरा वाटाया लागला."

माझ्या जन्मापासून आम्ही ज्या पोरीच्या हट्टाला हसत आलो, ती हट्टी नव्हतीच. ती माझ्यासाठी तीन आठवडे या खोपटात निजली होती, दहीभात खाऊन, आईशिवाय. मला लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत, कारण तिने त्या माझ्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता मी घरात आलो तरी चालेल. मी शेवटची खपली पडेपर्यंत खोपटातच राहिलो. आई मला वेड्यात काढत होती. डबा रोज जाळीतून यायचा आणि आणायला ताई यायची, एका हाताने पोट सावरत. खिडकीशी येऊन म्हणायची, "रुसवा गेला का रे?"

मी म्हणायचो, "अजून नाही. तुझे तीन आठवडे कुठे भरलेत?"