घरी कोणाला ठेवून आलीस?

कुपोषित बाळ आलं की आम्ही सगळे वजनकाट्याकडे धावायचो. कुसुमसिस्टर मात्र आधी आईला बसवायच्या, पाण्याचा पेला द्यायच्या आणि विचारायच्या, "घरी कोणाला ठेवून आलीस, बाय?" बाळ काट्यावर जायचं ते त्यानंतर. मला तो वेळेचा खेळखंडोबा वाटे. जव्हारच्या दवाखान्यात मी समाजसेविका म्हणून नवीकोरी आले होते. माझ्याकडे दोन पानी छापील फॉर्म होता आणि अक्कल बेताची होती.

दाभोसा गावची साकरी वर्षभराच्या रघूला घेऊन आली तेव्हा सिस्टर रजेवर होत्या. रघू इतका हलका, की उचलताना भीती वाटावी. आईसकट चौदा दिवस राहिला तरच पोर वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी साकरीने गोधडी बांधली. मी तासभर समजावलं. ती प्रत्येक वाक्याला "हा बाई" म्हणाली आणि मी चहाला गेले तेवढ्यात पोराला घेऊन निघून गेली. मी चिडून लिहिलं, 'समुपदेशन करूनही आईने ऐकले नाही.'

दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या सिस्टरांनी ते वाचलं. म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. पोर कुठाय?"

दुपारी ड्यूटी संपताच त्यांनी मला दाभोशाच्या जीपमध्ये कोंबलं. साकरी दारातच होती, मांडीवर रघू. आत तिची आंधळी सासू बसलेली. नवरा भिवंडीकडे कामाला. साकरी माझ्याकडे न बघता सिस्टरांना म्हणाली, "डोकरीला पानी कोन देल? चुलीत हात घालतं ती." मी हे विचारलंच नव्हतं. 'घरातील माणसे : चार' एवढं भरून मोकळी झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टर पोराविषयी अवाक्षर बोलल्या नाहीत. म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन घोट्याजवळची चिघळलेली जखम बघत बसल्या. मग म्हणाल्या, "या जखमेवर केसपेपर निघतो. आजीलाही नेऊ. मॅडम, तुम्ही डॉक्टरांना पटवा आणि शेजारणीला यांच्या कोंबड्या सांभाळायला सांगा. पाय मी बघते. मी सुई, तुम्ही दोरा. एकटीने शिवण होत नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. चौदा दिवस म्हातारी बायकांच्या वॉर्डातून ओरडून विचारायची, "रघ्या जेवला का?" निघताना तिने नातवाला उचललं, तोलून पाहिलं आणि म्हणाली, "आता हाताला लागतो."

त्यानंतर सात वर्षं आम्ही जोडीने काम केलं. संध्याकाळी मोखाड्याची जीप पकडायची सिस्टरांची घाई सुरू झाली, की आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्या निवृत्त झाल्यावर साडी-नारळ घेऊन मी मोखाड्याला त्यांच्या घरी गेले. आतल्या खोलीत त्यांचे यजमान पडून होते. अकरा वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. दिवसभर शेजारीण बघायची, पण पाचनंतर कोणी नसे. दाभोशाहून परतायला रात्र झाली त्या दिवशीही ते असेच दाराकडे डोळे लावून पडलेले असणार.

हजारदा मी सिस्टरांचा प्रश्न परक्या बायांना विचारला होता. सिस्टरांना एकदाही नाही. मला रडू आवरेना.

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे, मॅडम?" त्या हसल्या आणि माझ्यापुढे पेला धरला. "बसा. आधी पाणी घ्या."