तिसऱ्या टप्प्यात ठेवलेला थांबा

मार्करचा वास आला की चाकणच्या कंपनीतली ती मीटिंग आठवते. मी लातूरकडून आलेला, आठवीत शाळा सोडलेला, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसचा ऑपरेटर. मशीनचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवणाऱ्या टीमला काम कळावं म्हणून मला एसीत बसवलं होतं. सगळा प्लॅन एकदम करायचा की दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडून तयार होईल तसं चालू करायचं, यावर बराच खल झाला आणि टप्पे ठरले. टीमच्या मॅडमनी मार्करनं फळ्यावर लिहिलं: पहिल्यात मालाची मोजणी, दुसऱ्यात वेग वाढवणं, आणि हात आत गेल्यावर प्रेस थांबणं तिसऱ्यात. नोकरी जाईल असं वाटत असतानाच बोलून गेलो, "मॅडम, तोवर हात आत गेला तर?" आमचे सुपरवायझर हसले, "तू कशाला घालतोस हात, राव?" बाकीचेही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला आणि थांबणं सगळ्यांत वर लिहिलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण अजूनही नव्या मशीनसमोर उभं केलं की मनात येतं, की या मशीनचा प्लॅन ठरला तेव्हा त्या खोलीत आमच्यातलं कुणी होतं का?