अजिंठ्याच्या एसटीतलं बाळ
फिनेलचा वास आला की मला अजिंठ्याची ती दुपारची एसटी आठवते. मी तिथं शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. औरंगाबादेत सरकारी दवाखान्यापुढं एक बाई तान्हं बाळ घेऊन चढली. तिला जागा नव्हती, म्हणून बाळ मी मांडीवर घेतलं. दुपट्याला फिनेलचा वास होता आणि बाळ गार पडलं होतं. "ताई, बोलू नका, खाली उतरवतील," ती कुजबुजली, "गावाला न्यायचंय." कंडक्टर म्हणाला, "लेकरू लई गप हाय!" "औषधानं झोपलंय," मी म्हणाले आणि अजिंठ्यापर्यंत त्याला थोपटत राहिले. उतरून बाळ हातात घेतल्यावरच ती मोठ्यानं रडली. तोवर मी उशिरा येणाऱ्या पोरींना उन्हात उभं करायचे, त्यानंतर मात्र "काय झालं गं?" असं आधी विचारू लागले. आजही कुणाचं लेकरू मांडीवर झोपलं की मी त्याचा श्वास बघते.